अर्ग ग्रहावरचं नाणं

बीबीसीवर १९८० ते १९८६ या काळात ‘द अ‍ॅडव्हेंचर गेम’ नावाचा कार्यक्रम लागायचा. कल्पना पॅट्रिक डाउलिंग यांची. टीव्हीवरची ओळखीची माणसं दूरच्या अर्ग ग्रहावर उतरतात, तिथले रहिवासी त्यांना कोड्यांत अडकवतात आणि ती सुटली तरच घरी जाता येतं. रहिवासी मुळात ड्रॅगन, पण वावरायचे माणसाच्या रूपात. त्यांचा प्रमुख रँग्डो काही भागांत चक्क कुंडीतलं झाड होता, आणि पाहुण्यांनी त्या झाडाला वाकून मुजरा करायचा! पॉल डॅरो, जॅनेट फील्डिंग असे विज्ञानकथा मालिकांमधले कलाकारही इथे येऊन गोंधळून गेले.

या सगळ्या पोरखेळात एक गोष्ट मात्र अस्सल होती. नियम कुणी सांगत नसे.

तिथलं चलन घ्या. ‘द्रोग्ना’ म्हणजे प्लास्टिकचे रंगीत आकार. त्यांची किंमत ठरायची बाजूंची संख्या गुणिले वर्णपटातला रंगाचा क्रमांक अशी. आपल्या तानापिहिनिपाजात हिरवा चौथा, म्हणून हिरवा त्रिकोण बारा द्रोग्नांचा. आता समजा, एखाद्याच्या हाती आधी लाल त्रिकोण आला, मग लाल चौकोन. किमती तीन आणि चार. तो लगेच म्हणणार, बाजू मोजल्या की झालं. खात्रीसाठी लाल पंचकोन घेतला, तर उत्तर पाच. खात्री आणखी पक्की, आणि समज तरीही चूक, कारण लाल रंगाचा क्रमांकच एक आहे. एक हिरवा तुकडा उचलला असता तर सगळं लगेच कोसळलं असतं.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६०मध्ये नेमकी हीच खोड प्रयोगातून दाखवली होती. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी त्रिकुटं सुचवा, ती बसतात की नाही ते मी सांगतो, मग नियम ओळखा. लोक ८, १०, १२ सुचवत राहिले आणि ‘दोन-दोननं वाढणारे आकडे’ असं ठामपणे सांगून मोकळे झाले. खरा नियम होता फक्त चढत्या क्रमाचा. १, २, ३ विचारलं असतं तरी ‘दोन-दोन’ची कल्पना मोडली असती, पण आपलं म्हणणं खोटं पाडू शकेल असा प्रश्न माणूस सहसा विचारत नाही.

दुसऱ्या मालिकेपासून शेवटी ‘व्होर्टेक्स’, म्हणजे अदृश्य भोवऱ्याशी खेळायचा डाव यायचा, आणि माझ्या मते कार्यक्रमातला सर्वांत हुशार भाग तोच. जाळीवरच्या एकेका बिंदूवर पाऊल टाकत पलीकडे जायचं. एक चाल खेळाडूची, एक व्होर्टेक्सची. तो खेळाडूला दिसत नाही. त्याच बिंदूवर पाऊल पडलं की खेळाडूची वाफ! चाचपणीसाठी पुढे पाव फेकता यायचा. पाव शाबूत राहिला तर जागा मोकळी, पण फक्त त्या घडीपुरती. व्होर्टेक्सनं पुढची चाल केली की ती माहिती शिळी व्हायला लागते. शिवाय पाव मोजकेच. मग ते सुरुवातीला उधळायचे, जिथे धोका अजून लांब आहे, की मध्यावर, जिथे तो कुठेही असू शकतो?

घरी बसलेल्या प्रेक्षकांना व्होर्टेक्स पडद्यावर स्पष्ट दिसायचा. त्यामुळे सरळ त्याच्या तोंडात चालत जाणारा खेळाडू त्यांना ठार मूर्ख वाटायचा. खेळाडूच्या बाजूनं पाहिलं, तर पुष्कळदा ती चाल अगदी वाजवी असे.