पोस्टकार्डावरची सावली आणि डेट्रॉइटचं घड्याळ

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मध्यवस्तीत कॅम्पस मार्शियस नावाचा चौक आहे. १९०० च्या आसपासच्या पोस्टकार्डांत तो पुन्हा पुन्हा भेटतो. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या मधून ट्रामचे रूळ गेलेले. डाव्या हाताला मनोऱ्यावर घड्याळ असलेली नगरपालिकेची इमारत. तिच्या पलीकडे १८९६ साली पुरी झालेली चौदा मजली मॅजेस्टिक बिल्डिंग. समोर यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांचं स्मारक. आणि कडेला लोखंडी जाळीचा एक उंच, सडपातळ खांब. आकाश निळं, विटा तांबड्या, दुकानांच्या कापडी छपऱ्या पिवळ्या.

यातला एकही रंग कॅमेऱ्याने पाहिलेला नाही. सावल्या मात्र कॅमेऱ्यानेच टिपल्या आहेत. जुन्या शहरांची चित्रं पाहण्याचा मला नाद आहे. चित्रातलं काय खरं मानायचं, हा प्रश्न सोडवताना मी दर वेळी या सावल्यांपाशीच येऊन थांबतो.

आधी रंगांचं बघू. ही चित्रं काढणारी सगळ्यात मोठी मंडळी त्याच शहरातली होती. डेट्रॉइट फोटोग्राफिक कंपनी १८९० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिली आणि १९०५ मध्ये तिचं नाव डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनी झालं. विल्यम हेन्री जॅक्सन हा नामवंत छायाचित्रकार आपल्या हजारो काचेच्या निगेटिव्ह घेऊन तिथे भागीदार झाला. यलोस्टोनच्या खोऱ्याचे १८७१ चे प्रसिद्ध फोटो याचेच. कंपनीत येण्याआधी, १८९४ ते १८९६ या काळात, तो जगभर फिरला आणि त्या फेरीत भारतातही येऊन गेला. कंपनी भरात होती तेव्हा तिच्याकडे सुमारे ४०,००० निगेटिव्ह होत्या आणि वर्षाला ७० लाखांपर्यंत छापील चित्रं विकली जात.

या निगेटिव्ह म्हणजे बहुधा ८ इंच बाय १० इंचांच्या काचा. त्यावर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचा थर. या थराची नजर आपल्यासारखी नसते. चांदीच्या क्षारांना मुळात निळा आणि जांभळा प्रकाशच जाणवतो. हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला १८७३ मध्ये लक्षात आलं की थरात योग्य रंगद्रव्य मिसळलं, की हिरवा आणि पिवळाही जाणवू लागतो. पण त्या काळच्या नेहमीच्या काचांना तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोत निळं आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं पडतं, त्यातले ढग पुसले जातात, आणि तांबड्या विटांची भिंत होती त्याहून कितीतरी काळी दिसते. तांबडी पाटी आणि काळी पाटी काचेवर शेजारी-शेजारी सारख्याच उमटल्या, की नंतर कितीही हुशार माणूस किंवा संगणक आणला तरी त्या वेगळ्या करता येत नाहीत. ती माहिती काचेवर पोचलीच नाही.

मग पोस्टकार्डावर रंग आले कुठून? कंपनीने झुरिकहून एका कृतीचे अमेरिकेपुरते हक्क विकत घेतले होते. तिचं नाव फोटोक्रोम. हान्स याकोब श्मिड या छपाई कारागिराने ती १८८० च्या दशकात बसवली. आपल्याकडे रविवर्मा प्रेसची शिळाछाप चित्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना निम्मी कृती आधीच माहीत आहे: चुनखडीचा गुळगुळीत दगड, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. फरक इतकाच की रविवर्म्याच्या चित्रासाठी दगडावर कारागीर हाताने चित्र उतरवी. फोटोक्रोममध्ये ते काम ऊन करी. दगडावर खनिज डांबराचा पातळ थर द्यायचा, त्यावर निगेटिव्ह दाबून बसवायची आणि उन्हात ठेवायचं. ऊन लागेल तिथे डांबर कडक होतं, सावलीत राहतं तिथे टर्पेंटाइनने धुऊन निघतं. उन्हाळ्यात दहा ते तीस मिनिटं पुरत, हिवाळ्यात तास न् तास लागत. एका चित्राला निदान सहा दगड, बऱ्याचदा दहा-पंधरा. कुठल्या दगडाला कुठली शाई लावायची, आकाशाला किती निळं द्यायचं, छपरी पिवळी की हिरवी, हे कारागीर नोंदींवरून आणि अंदाजाने ठरवत.

याचा एक गमतीचा पुरावा म्हणजे ‘रात्रीची’ पोस्टकार्डं. त्या काळात अनेक कारखाने दिवसाचाच फोटो घेत, आकाश गडद निळं करत, एक चंद्र काढत आणि खिडक्या पिवळ्या रंगवत. अशा कार्डावर रस्त्याकडे नीट पाहिलं, तर दिव्याच्या खांबाची भर दुपारची सावली तशीच पडलेली असते, बऱ्याचदा चंद्राशी काहीही संबंध नसलेल्या दिशेला. रंगवणाऱ्याने चंद्र घातला, सावली तशीच राहू दिली. मला तर अशी कार्डं फार प्रिय आहेत.

अशी चित्रं लोकांपर्यंत किती पोचली, हेही सांगायला हवं. अमेरिकी संसदेने १८९८ मध्ये खाजगी छपाईच्या कार्डांनाही एका सेंटचा दर लागू केला. १ मार्च १९०७ पासून मागच्या बाजूला रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहायला परवानगी मिळाली. तोवर मजकूर चित्राच्याच कडेला कोंबावा लागे. जून १९०८ ला संपलेल्या वर्षात अमेरिकेत सुमारे ६७ कोटी ७० लाख पोस्टकार्डं टपालात पडली. देशाची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या आत होती.

त्यामुळे कार्डं मुबलक आहेत, पण त्यांच्या तारखा पक्क्या नाहीत. मागची रेघ पाहून कार्ड १९०७ च्या आधीचं की नंतरचं, इतकं कळतं. टपालाचा शिक्का कार्ड कधी टाकलं ते सांगतो, फोटो कधी काढला ते नाही. एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं छापली जाई. कंपनी १९२४ मध्ये डबघाईला आली. पुढे तिच्या काचा फिरत फिरत १९४९ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आल्या. आज तिथे पंचवीस हजारांहून जास्त काचा आहेत, आणि बऱ्याच चित्रांखाली ‘१९०० ते १९१० च्या दरम्यान’ असंच लिहिलेलं आढळतं. दहा वर्षांचं अंतर म्हणजे डेट्रॉइटच्या बाबतीत फार झालं. १९०० मध्ये शहराची वस्ती २,८५,७०४ होती, १९१० मध्ये ४,६५,७६६, आणि मोटारींचे कारखाने जोरात आल्यावर १९२० मध्ये ९,९३,६७८.

आता सावली. सूर्य आकाशात कुठे आहे हे सांगायला दोन कोन लागतात: क्षितिजापासून किती वर, तो उन्नतांश, आणि कुठल्या दिशेला, तो दिगंश. खांबाच्या सावलीची लांबी पहिला कोन देते, तिची दिशा दुसरा. जागेचा अक्षांश ठाऊक असेल, तर या दोन कोनांवरून दोन गोष्टी काढता येतात: वर्षातला दिवस आणि दिवसातली वेळ. पंचांग करणारे हे गणित उलट्या बाजूने नेहमीच करतात. आपल्या ज्योतिषग्रंथांत सावली मोजायच्या काठीला शंकू म्हणतात. तो जाळीचा उंच खांब म्हणजे चौकातला शंकूच.

तो तिथे सनडायल, म्हणजे सावलीचं घड्याळ, म्हणून उभारलेला नव्हता, हे उघड आहे. १८८० च्या दशकात डेट्रॉइटने रस्त्यांवर दिवे लावण्याऐवजी शहरभर शंभराहून जास्त मनोरे उभारले आणि त्यांच्या टोकावर कार्बनच्या कांड्यांचे झगझगीत आर्क दिवे टांगले. खालून चांदणं पडल्यासारखं दिसे, म्हणून त्यांना चांदण्याचे मनोरे म्हणत. उंची सुमारे ५० मीटर.

सावलीची दिशा मोजायला रस्ताच मदत करतो. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू सरळ उत्तरेला जात नाही. नदीकडून निघून उत्तरेपासून साधारण ३० अंश पश्चिमेकडे कलते. फोटोत रुळांच्या रेघा दूर जाऊन एका बिंदूत मिळतात. खांबांच्या सावल्याही लांबवल्यावर त्याच बिंदूकडे जात असतील, तर त्या रस्त्याला समांतर आहेत. म्हणजेच नदीकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या छायाचित्रकाराच्या अगदी मागे सूर्य होता. २१ जूनच्या सुमारास हे सूर्यवेळेने सव्वाअकराच्या आसपास घडतं, २१ मार्चला साडेदहा उलटून गेल्यावर, आणि २१ डिसेंबरला दहाला पाच मिनिटं असताना. यातला कुठला दिवस, हे लांबी सांगते. त्या क्षणी दहा मीटर खांबाची सावली जूनमध्ये जेमतेम चार मीटर असते, डिसेंबरमध्ये तब्बल तीस. चांदण्याच्या मनोऱ्याची डिसेंबरातली सावली दीडशे मीटर लांब जाऊन चौक ओलांडून पडेल.

एक अडचण राहते. सूर्य जून गाठून परत फिरतो, त्यामुळे प्रत्येक उत्तर दोनदा येतं. एप्रिलचा तिसरा आठवडा आणि ऑगस्टचा शेवटचा, दोन्ही वेळा सूर्याचा मार्ग जवळजवळ तोच असतो. तिथे खगोलशास्त्र थांबतं आणि झाडं बोलतात. एप्रिलच्या मध्यावर डेट्रॉइटची झाडं बहुतेक उघडीबोडकी असतात, ऑगस्टमध्ये पानांनी गच्च. पुरुषांच्या डोक्यावर गवती हॅट दिसल्या, तर उन्हाळा नक्की.

सावलीवरून महिना मिळाला, तास मिळाला. वर्ष मात्र सूर्याला ठाऊक नसतं. तो दर वर्षी त्याच वाटेने जातो. इथे नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ कामाला येतं.

१८८३ मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळा ठरवल्या, पण डेट्रॉइट आपल्या स्थानिक, सूर्यावरून ठरलेल्या वेळेवरच चालत राहिलं. १९०० मध्ये नगर परिषदेने घड्याळं २८ मिनिटं मागे घेऊन मध्य प्रमाणवेळ पाळायचा ठराव केला. अर्ध्या शहराने ऐकलं, अर्ध्याने नाही. गोंधळ इतका झाला की ठराव मागे घ्यावा लागला. नगरपालिकेसमोर सनडायल उभारून देतो, असं कोणीतरी खोचकपणे सुचवलं. तो प्रस्ताव गटारांच्या समितीकडे धाडण्यात आला. १९०५ मध्ये मतदानाने मध्य वेळ आली. १९१५ मध्ये शहर पूर्व प्रमाणवेळेवर गेलं आणि पुढच्या वर्षी लोकांनी मतदानाने ते कायम केलं. मुंबईकरांना हे परकं वाटू नये: १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती.

आता गणित बघा. डेट्रॉइट साधारण ८३ रेखांशावर, मध्य वेळेची रेघ ९० वर, पूर्व वेळेची ७५ वर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे मध्य वेळ स्थानिक वेळेच्या २८ मिनिटं मागे, पूर्व वेळ ३२ मिनिटं पुढे. समजा, फोटोतल्या सावल्या रस्त्याला समांतर आहेत आणि खांबाच्या तिप्पट लांब आहेत. डिसेंबरचा तिसरा आठवडा, सूर्यवेळ नऊ पंचावन्न. मनोऱ्यावरच्या घड्याळात दहाला पाच-सात मिनिटं कमी असतील, तर फोटो १९०५ च्या आधीचा. नऊ पंचवीसच्या आसपास काटा असेल, तर १९०५ ते १९१५. दहा पंचवीस दिसत असतील, तर त्यानंतरचा.

हे करताना एक दुरुस्ती विसरून चालत नाही. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि कक्षा थोडी लंबगोल, त्यामुळे सूर्याची वेळ घड्याळाच्या सरासरी वेळेशी वर्षभर जुळत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सुमारे १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यावर १४ मिनिटं मागे. याला कालसमीकरण म्हणतात. महिना आधी सावलीवरून काढलेला असतो, म्हणून ही दुरुस्ती करता येते. दिशा मोजताना एखाद्या अंशाची चूक झाली, तरी वेळेत काही मिनिटांचाच फरक पडतो. आपण शोधतोय तो फरक अर्ध्या तासाचा आहे.

यासाठी पोस्टकार्ड पुरत नाही. छापील कार्डावरचं घड्याळ म्हणजे चार ठिपके, आणि काटे कारागिराने नव्याने काढलेलेही असू शकतात. मूळ काच हवी. लायब्ररीने स्कॅन केलेल्या त्या काचा कोणालाही फुकट उतरवून घेता येतात, आणि त्यांतला बारकावा थक्क करतो: दुकानांच्या पाट्या वाचता येतात, ट्रामच्या पायरीवर पाय ठेवलेला माणूस दिसतो, चालत्या घोड्याचे खूर तेवढे धुरकट झालेले असतात. काटे वाचता येतील असा फोटो मिळाला, की अर्धी लढाई जिंकली.

उरलेली अर्धी म्हणजे खांब नेमका कुठे आणि किती उंच होता. आजच्या चौकात जाऊन ते मोजता येत नाही. नगरपालिकेची इमारत १९६१ मध्ये पाडली, मॅजेस्टिक बिल्डिंग त्याच्या पुढच्या वर्षी. १८७२ चं सैनिक स्मारक अजून आहे, पण २००४ मध्ये तिथे नवी बाग झाली तेव्हा त्याला मूळ जागेवरून सरकवलं. मदतीला येतात सॅनबॉर्न कंपनीचे जुने नकाशे. आगीच्या विम्यासाठी काढलेले, एका इंचाला पन्नास फूट या प्रमाणाचे. प्रत्येक इमारतीची रुंदी आणि मजले त्यांवर नोंदलेले असतात. शिवाय विमा कंपनीला इमारत कशाची आहे हे कळायला हवं होतं, म्हणून विटांची इमारत गुलाबी रंगवलेली, लाकडाची पिवळी, दगडाची निळी. काचेवर काळपट उमटलेली एखादी भिंत विटांचीच होती का, हे अखेर त्या गुलाबी चौकोनावरून कळतं.