एकिदेन: काठी नाही, पट्टा

जपानची राजधानी टोकियोला हलली त्याला 50 वर्षं होत आली, हे निमित्त साधून ‘योमिउरी शिंबुन’ या वृत्तपत्राने 27 एप्रिल 1917 रोजी एक सांघिक शर्यत भरवली. प्रत्येक टप्प्याला नवा धावपटू, म्हणजे लांब पल्ल्याची रिलेच. क्योटोच्या सांजो पुलावरून निघायचं आणि टोकियोतल्या उएनोमधलं शिनोबाझु तळं गाठायचं. अंतर सुमारे 508 किलोमीटर, टप्पे 23 आणि संघ मात्र दोनच. रात्रंदिवस धावून तिसऱ्या दिवशी ती संपली. वृत्तपत्राचा डोळा खपावर असणारच. पण त्यातून जन्मलेला ‘एकिदेन’ हा खेळ शंभर वर्षांनंतरही टिकून आहे.

नाव जुन्या टपालव्यवस्थेतून आलं. ‘एकि’ म्हणजे डाकचौकी, ‘देन’ म्हणजे पुढे पोचवणं. ज्या तोकाइदो मार्गाने ही शर्यत गेली, त्यावर पूर्वी अशी 53 ठाणी होती.

विजयी कांतो (टोकियो परिसर) संघाकडून शेवटचा टप्पा धावले शिझो कानाकुरी. हा माणूस समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. 1912च्या स्टॉकहोम ऑलिंपिकची मॅरेथॉन त्यांनी रणरणत्या उन्हात अर्ध्यावर सोडली आणि कुणाला न सांगता ते निघून गेले. (1967 मध्ये स्वीडनने त्यांना पुन्हा बोलावलं आणि त्यांनी ती पूर्ण केली. अधिकृत वेळ 54 वर्षांहून जास्त!) ते अपयश त्यांच्या मनात सलत राहिलं. एकेक धावपटू घडवत बसलो तर जगाशी बरोबरी कधी करणार? सांघिक शर्यतीत एका दमात दहाजण तयार होतात. या हिशेबातून त्यांनी इतरांच्या साथीने फेब्रुवारी 1920 मध्ये टोकियोहून हाकोनेच्या डोंगरात जाऊन परत येणारी ‘हाकोने एकिदेन’ सुरू केली.

पहिल्या वर्षी चारच महाविद्यालयीन संघ होते. सकाळचे तास संपवून मुलं दुपारी धावायला लागली, त्यामुळे हाकोनेच्या घाटात अंधार पडला. टोकियो उच्च अध्यापक विद्यालयाने मेइजी विद्यापीठाला अवघ्या 25 सेकंदांनी हरवलं. युद्धकाळात काही वर्षं खंड पडला, 1947 पासून शर्यत पुन्हा सुरू झाली. 1987 पासून ती दूरचित्रवाणीवर थेट दिसू लागली. आता ती 2-3 जानेवारीला होते आणि त्या दिवशी घरोघरी तीच लागलेली असते.

रिलेतल्या काठीऐवजी इथे एका धावपटूकडून दुसऱ्याकडे जातो तो ‘तासुकी’ नावाचा कापडी पट्टा. मुळात कामाच्या वेळी किमोनोच्या बाह्या आवरून बांधायची ही दोरी. धावपटू तो खांद्यावरून तिरका घालतो, चौकी जवळ आली की काढून मुठीत गुंडाळतो आणि पुढच्याच्या हाती देतो. तोवर पट्टा घामाने चिंब झालेला असतो.

खरी परीक्षा मागे पडलेल्यांची. आघाडीच्या संघापेक्षा ठरावीक मिनिटांहून जास्त मागे राहिलात, तर पुढच्या धावपटूला तुमची वाट न पाहता सोडून दिलं जातं. त्याच्या गळ्यात बहुतेक वेळा आयोजकांचा पट्टा असतो. तुम्ही संघाचा पट्टा घेऊन धापा टाकत पोचता, तेव्हा समोर घ्यायला कुणीच नसतं.