हरणापुढे आर्मी प्रिंट: एका आयात वादाची पार्श्वभूमी

धनुष्यबाण घेऊन हरणाच्या मागावर जाणाऱ्याला पानाफांद्यांची नक्षी छापलेले कपडे लागतातच का, हा वाद मुळात अमेरिकेतला. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात तो मोबाइलवरच्या शिकारीच्या व्हिडिओंतून आला आणि कॅमेरे घेऊन जंगलाकडे जाणाऱ्या पोरांच्या गप्पांत रुजला. शिकार इथे बंद असल्यामुळे प्रश्न थोडा वेगळ्या रूपात विचारला जातो. खानापूरजवळच्या भीमगड अभयारण्याच्या बाजूला भेकर जवळून दिसावं म्हणून आर्मी प्रिंटची पँट घ्यावी, की घरातली विटकी खाकी पुरते? विचारणारे तो कपड्याचा प्रश्न समजतात. त्याचा इतिहास पाहिला तर कपडा बराच उशिरा येतो.

या भागातली जुनी पद्धत लपण्याची होती, पण अंगावरच्या कापडाने नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि पाळीव हरीण पुढे करून रानातल्या हरणाला भुलवण्याचा प्रकार त्यात येतो. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही शिकवलेल्या चित्त्यांकडून काळवीट मारवले जात. चित्ता माळावर न्यायचा तो बैलगाडीतून, कारण बैलगाडी काळविटाच्या रोजच्या पाहण्यातली. ती जवळ आली तरी कळप चरत राही. पारध्यांमधले काही जण शिकवलेली गाय किंवा बैल पुढे चालवत आणि त्याच्या आडोशाने सरकत. या समाजावर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कागदोपत्री १९५२ साली पुसला गेला. त्यांच्या रानविद्येची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी संशयाच्या सुरातच झाली. बैलगाडी काय किंवा गाय काय, दोन्हीत रंगाला काही काम नव्हतं. हरणाच्या ओळखीची आकृती आणि ओळखीची चाल, एवढ्यावर भागत होतं.

कायद्याचा धागा थोडक्यात सांगतो. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे आधी मुंबईचा १९५१चा वन्यपशुपक्षी कायदा आणि नंतर म्हैसूर राज्याचा १९६३चा, असे दोन कायदे इथल्या माणसाने एका पिढीत पाहिले. १९७२च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने बरंच बंद केलं, तरी काही प्राण्यांसाठी परवान्याची फट उरली होती. ती १९९१च्या दुरुस्तीने बुजवली. या कायद्यात शिकारीचा अर्थ मारण्यापुरता नाही. पकडणं, हाकारणं, आमिष लावणं आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे अमेरिकी व्हिडिओ पाहून धनुष्य खांद्याला लावून अभयारण्यात शिरला, तर बाण न सोडताही माणूस गोत्यात येतो.

अमेरिकेत १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्यबाणासाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम सुरू केला. तेव्हाचे तीरंदाज काय घालत? लाल-काळ्या मोठ्या चौकडीचे लोकरी कोट. आज ते पाहून हसू येतं, पण हरणाच्या बाजूने पाहिलं तर तो कोट काही वाईट नव्हता. कसा, ते पुढे येईलच.

नक्षीदार कापड शिकारीत आलं युद्धातून. १९४२ साली अमेरिकी सैन्यासाठी एका बागकाम मासिकाच्या संपादकाने हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं कापड आखलं. पॅसिफिकच्या बेटांवर ते वापरलं गेलं आणि युद्ध संपल्यावर शिलकी मालाच्या दुकानांत स्वस्तात आलं. बदकांची शिकार करणाऱ्यांनी ते उचललं. पुढची तीसेक वर्षं शिकारी सैन्याचंच उतरलेलं कापड घालत राहिले. ते माणसाच्या डोळ्यापासून लपण्यासाठी केलेलं होतं, आणि शत्रूचा सैनिक व हरीण यांचे डोळे एकसारखे नसतात, हा विचार त्या काळी फारसा कुणी केलेला दिसत नाही.

१९८० साली व्हर्जिनियातल्या एका तीरंदाजाने झाडाच्या सालीसारख्या उभ्या रेषांचं कापड बाजारात आणलं. खास शिकाऱ्यांसाठी केलेली ही पहिली यशस्वी नक्षी. १९८६ मध्ये जॉर्जिया आणि मिसिसिपीतून आणखी दोन नाममुद्रा आल्या आणि मग चढाओढ लागली. पान जितकं खरं, फांदी जितकी ठसठशीत, सावली जितकी हुबेहूब, तितकं कापड महाग. छपाईचं तंत्र सुधारत गेलं तसतशी ही नक्षी टोप्यांवर, पिकअप गाड्यांच्या आसनांवर, शेवटी लग्नाच्या कपड्यांवरही गेली. लग्नात कोणतं हरीण फसवायचं असतं, हे विचारायचं नाही.

याच काळात धनुष्यही बदललं होतं. चाकं लावलेल्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट १९६९ साली मिळालं. साध्या धनुष्यात दोरी पूर्ण ओढली की सगळा भार बोटांवर येतो, माणूस क्षणभरच थांबू शकतो, म्हणून ओढणं आणि सोडणं दोन्ही हरणासमोरच करावं लागतं. कंपाउंडमध्ये दोरी पूर्ण मागे आल्यावर भार निम्म्याहून खाली येतो. हरणाचं डोकं झाडाआड गेलं की दोरी ओढून ठेवायची आणि ते पुढे येईपर्यंत थांबायचं. शिवाय चार-सहा मीटर उंच झाडावर बसण्याची सोय आली. बाण साधारण वीस-तीस मीटरवरून सोडला जातो आणि एवढ्या अंतरावर हरीण बिथरतं ते मुख्यतः हालचालीने. हालचाल कमी करण्याचं खरं काम या दोन साधनांनी केलं. श्रेय नक्षीच्या खात्यात जमा झालं, कारण तिन्ही गोष्टी एकाच शिकाऱ्याच्या अंगावर एकाच दशकात चढल्या.

मग हरणाचा डोळा मोजला गेला. १९९२ साली जॉर्जियात, म्हणजे नक्षीचा धंदा जिथे फोफावत होता त्याच राज्यात, पांढऱ्या शेपटीच्या हरणांना गुंगी देऊन त्यांच्या डोळ्यांवर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकला आणि डोळ्यांतल्या पडद्याचा विद्युत प्रतिसाद नोंदवला. आपल्याकडे रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. हरणाकडे दोनच निघाल्या. एक निळ्या-जांभळ्या बाजूला साधारण ४५० ते ४६० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींना सर्वांत तल्लख, दुसरी हिरव्या बाजूला ५३७च्या आसपास. तांबड्यासाठी स्वतंत्र पेशी नाही. त्यामुळे तांबडा आणि नारिंगी रंग त्याला मळक्या, करड्या-पिवळट छटांसारखा दिसत असणार, आणि निळा मात्र आपल्यापेक्षा उठून. आपल्या डोळ्यातलं भिंग अतिनील किरण बरेचसे अडवतं, हरणाचं तेवढं अडवत नाही. बारकावे पाहण्याची ताकद आपल्यापेक्षा बरीच कमी, पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने जवळजवळ तीनशे अंशांचा टापू नजरेत आणि हलणारं काहीही पटकन टिपायची तयारी.

लाल-काळ्या चौकडीचा कोट इथे पुन्हा आठवावा. लाल म्हणजे हरणाला मळकं, काळं म्हणजे काळं, चौकड्या मोठ्या, त्यामुळे माणसाची आकृती तुकड्यांत फुटते. उलट १९८६ नंतरची नाजूक पानं दुकानात हातभर अंतरावरून खरी वाटतात, पण वीस मीटरवर ती एकमेकांत मिसळून माणसाच्या आकाराचा एक गडद गोळा होतो. हे ओळखून हरणाच्या नजरेचा हिशेब केलेल्या, मोठ्या ठळक तुकड्यांच्या नक्षी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्या. आधीच्याही विकल्या जातातच.

सर्वांत जास्त गोंधळ नारिंगी बंडीच्या नियमाने घातला, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. बंदुकीच्या हंगामात शिकारी एकमेकांनाच हरीण समजून गोळी घालत. १९६०च्या आसपास मॅसॅच्युसेट्समध्ये सैनिकांच्या मदतीने रंगांच्या चाचण्या झाल्या, चमकता नारिंगी सर्वांत उठून दिसला, आणि तिथून हा रंग सक्तीचा होत बहुतेक राज्यांत पसरला. तीरंदाजांना मात्र त्यांच्या स्वतंत्र हंगामात बऱ्याच राज्यांनी सूट दिली. कारण सुरक्षिततेचं होतं. बाण लांब जात नाही, तीरंदाज जनावर नीट पाहिल्याशिवाय सोडत नाही, त्यामुळे माणूस मरण्याचा धोका कमी.

बाजाराने या सुटीचा वेगळाच अर्थ लावला. तीरंदाजाला सूट आहे, म्हणजे त्याला लपावं लागतं, म्हणजे नक्षी हवीच, अशी साखळी जोडली गेली. १९९२च्या मोजणीनंतर विरोधकांनी ती उलटी फिरवली. हरणाला नारिंगी दिसतच नाही, मग सूट कशाला? माझ्या मते दोन्ही बाजू घसरल्या. सुटीने नक्षीची गरज सिद्ध होत नाही, कारण ती त्या कारणाने दिलेलीच नव्हती. आणि नारिंगी ‘दिसत नाही’ हेही अर्धंच खरं. रंग म्हणून तो हरणाला खुणावत नाही, पण चमकत्या नारिंगीचा काही प्रकाश हिरव्या पेशीपर्यंत पोचतो आणि सलग मोठी बंडी आजूबाजूच्या पालवीपेक्षा उजळ ठिगळ म्हणून दिसू शकते. ते ठिगळ स्थिर राहिलं तर काही बिघडत नाही, हललं तर बिघडतं. नारिंगीत काळी नक्षी छापून आकृती फोडली तर काय, असा मधला मार्ग निघाला. तो काही राज्यांना चालतो, काहींना सलग नारिंगीच हवा. जिथे दोन्ही हंगाम एकमेकांवर येतात तिथे अनेक ठिकाणी तीरंदाजालाही बंडी चढवावी लागते. २०१६ साली विस्कॉन्सिनने चमकत्या गुलाबीलाही परवानगी दिली. शिकारीत बायका वाढाव्यात म्हणून हे केलं असं समर्थन झालं आणि त्यावर बायकांनीच टीका केली. हरणांची बाजू तिथेही कुणी मांडली नाही.

निळ्याची बाब यापेक्षा कामाची असूनही तिची चर्चा कमी होते. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी चमक आणणारी द्रव्यं घालतात, ती अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. तो बरोबर हरणाच्या तल्लख टप्प्यात पडतो. म्हणजे महागडी नक्षी त्या पावडरीत धुतली की पहाटेच्या उजेडात ती हरणाला मंद झळाळती दिसण्याची शक्यता. इथे आपल्याकडची नीळ आणि ही चमक यांची गल्लत होते. नीळ हा साधा रंग आहे, तो पिवळेपणा झाकतो. पावडरीतलं द्रव्य स्वतः उजळतं. पाकिटावर नाव नसलं तरी अतिनील प्रकाशाच्या काळ्या दिव्याखाली कापड धरलं की कळतं. उपाय स्वस्त आहे: ते कपडे साध्या साबणाने धुवावेत, आणि निळी जीन्स घरी ठेवावी.

नारिंगीचा सर्वांत जुना दाखला तर आपल्या जंगलातलाच. वाघ नारिंगी असतो आणि चितळ-सांबरावरच जगतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोनच रंगपेशी असलेल्या डोळ्याला चित्र कसं दिसेल ते संगणकावर तयार करून माणसांना दाखवलं. तशा नजरेला वाघाचा नारिंगी हिरवळीत मिसळून जातो. तरीही वाघाची बहुतेक झेप फुकट जाते, कारण चितळाच्या नाकाला आणि कानाला पट्टे फसवत नाहीत. इशाऱ्याला एक वानर खोकलं की संपलं.

नाकाचं गणित म्हादईच्या खोऱ्यात उतरलेल्या माणसाला नवं नाही. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की तीच वर चढू लागते. कणकुंबी-जांबोटीकडच्या दऱ्यांत सकाळी वरच्या बाजूला बसलेल्याचा वास खालच्या पाणवठ्यावर पोचतो, मग अंगावर काहीही असो.

सीमाभागात या कपड्यांना आणखी एक बाजू आहे. बेळगाव लष्करी शहर. पहाटे भरतीच्या तयारीला पळणाऱ्या पोरांच्या अंगात आर्मी प्रिंट असणं इथे नेहमीचं. १५ जानेवारी २०२२ला लष्कराने नवा डिजिटल नक्षीचा गणवेश दाखवला आणि पुढे त्या नक्षीची नोंदणी करून खुल्या बाजारातल्या विक्रीला हरकत घेतली. मग प्रश्न सुरू झाले, की साधी ठिपक्यांची पँट घातली तरी गुन्हा का? भारतीय न्याय संहितेचं १६८वं कलम, आधीचं भारतीय दंड संहितेचं १४०वं, हे सैनिक असल्याचा समज व्हावा अशा हेतूने गणवेशासारखा पोशाख घालण्याबद्दल आहे. हेतूशिवाय नुसत्या पँटीला ते लागत नाही. पण अभयारण्याच्या हद्दीत, चोरट्या शिकारीच्या शोधात फिरणाऱ्या वनरक्षकासमोर, हेतू समजावून सांगत बसण्याची वेळ येऊ शकते.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. चितळ, सांबर, भेकर आणि पिसोरी तिथे आहेत. तीरंदाजाला वीस मीटरवर यावं लागतं म्हणून त्याचा सगळा आटापिटा. लांब भिंगाच्या कॅमेऱ्याला ऐंशी-शंभर मीटरही पुरतात, आणि त्या अंतरावर विटकी खाकी, मागे एखादं जाड खोड आणि तोंडावर येणारा वारा एवढं असलं तर नक्षीसाठी वेगळे पैसे मोजायचं कारण उरत नाही. हात आणि चेहरा तेवढा झाकावा. घामाने चमकतो तो चेहराच, आणि कॅमेरा उचलताना हलतात ते हातच.