इंधनदारिद्र्य आणि दरसंरक्षण

स्वयंपाक, दिवे, गरम पाणी आणि राहण्याजोगे तापमान एवढ्या गरजांपुरतीही ऊर्जा विकत घेताना इतर आवश्यक खर्चाला कात्री लावावी लागणे, किंवा ती ऊर्जा वापरणेच सोडून द्यावे लागणे, या स्थितीला इंधनदारिद्र्य म्हणतात. ऊर्जादारिद्र्य हा शब्दही रूढ आहे. अशा कुटुंबांना चढ्या दरांची झळ बसू नये म्हणून योजलेल्या उपायांना मिळून दरसंरक्षण म्हणता येईल. वीज किंवा गॅस पोहोचलेलाच नसणे हा निराळा प्रश्न. इथे तार घरात आलेली असते, बटण दाबायचा धीर होत नाही.

इंधनदरिद्री कोणाला म्हणावे, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. ब्रिटिश अभ्यासक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये मांडलेली कसोटी अशी : घर पुरेसे उबदार ठेवायला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च येणार असेल, तर ते कुटुंब इंधनदरिद्री. यातला ‘येणार असेल’ हा भाग महत्त्वाचा. हिशेब प्रत्यक्ष बिलाचा नसून गरजेचा आहे. एकाच खोलीत सगळ्यांनी गोधड्या पांघरून हिवाळा काढला, तर बिल कमीच येते. नुसत्या बिलावरून पाहिले, तर ते घर सुखवस्तू ठरेल. अर्थात या कसोटीतही खोट होती. गॅस महागला की मोठ्या बंगल्यातले सधन कुटुंबही तिच्यात बसू लागे. म्हणून इंग्लंडने २०१३ मध्ये व्याख्या बदलली आणि २०२१ पासून कमी उत्पन्न व घराची कमी ऊर्जाकार्यक्षमता असा जोडनिकष लावला. त्याने जुनी खोट गेली, नवी आली : ठीकठाक बांधणीच्या घरातले गरीब कुटुंब दर कितीही भडकले तरी मोजणीत येत नाही.

उत्पन्न, दर आणि घर ही कारणांची तीन टोके. पैकी घराकडे सर्वांत कमी लक्ष जाते. स्वस्त भाड्याच्या घरात भिंतींतून नि खिडक्यांच्या फटींतून उष्णता निसटते, पाणी तापवायचे यंत्र जुने असते; त्यामुळे तेवढ्याच उबेसाठी गरिबाला जास्त युनिट जाळावे लागतात. खिडकी बदलायची की नाही हे घरमालक ठरवतो, बिल भाडेकरू भरतो. मालकाला घाई कशाला असेल?

दरावर थेट केलेला एक जुना इलाज म्हणजे टप्प्यांचे दर : पहिले काही युनिट स्वस्त किंवा फुकट, पुढचे महाग. दक्षिण आफ्रिकेने २००३ पासून गरीब कुटुंबांना महिन्याला ५० युनिट मोफत देण्याचे धोरण आखले. कल्पना न्याय्य वाटते, पण टप्पा ठरतो तो मीटरवरच्या वापरावरून, माणसांच्या संख्येवरून नव्हे. एका मीटरवर चार भाडेकरू राहत असले की सगळ्यांचा वापर एकत्र होऊन वरच्या, महागड्या टप्प्यात जातो. उलट वर्षातून चार दिवस उघडणाऱ्या सुटीच्या बंगल्याला सवलतीचा दर मिळतो.

सरसकट दर रोखला, तर जो जास्त वापरतो त्यालाच जास्त मदत पोहोचते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सरकारने युनिटचे दर बांधून दिले आणि सरासरी घराचे वार्षिक बिल २,५०० पौंडांच्या आसपास राहील असे सांगितले. पुष्कळांनी हीच बिलाची कमाल मर्यादा समजली. प्रत्यक्षात जास्त वापरणाऱ्याचे बिल त्यावर कितीही जाऊ शकत होते. जर्मनीने २०२३ साठी केलेली रचना अधिक हुशारीची : गॅसच्या पूर्वीच्या वापरापैकी ८० टक्क्यांना युनिटमागे १२ सेंट दर, उरलेल्याला बाजारभाव. त्यामुळे वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे बाजारभावाइतकी बचत होई. मात्र पाया जुन्या वापराचा धरल्याने आधीच काटकसर करणाऱ्याच्या पदरी थोडेच पडले आणि मोठ्या घरांना भरघोस मिळाले.

निवडक गरजू कुटुंबांपुरता सामाजिक दर, म्हणजे सवलतीचा दर ठेवला, तर खर्च आटोक्यात राहतो. अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची. अर्ज मागवले की ज्यांना सर्वाधिक गरज तेच मागे राहतात. बेल्जियममध्ये ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्या बहुतेकांना हा दर अर्जाविना आपोआप लागू होतो, हे त्या योजनेचे खरे बळ. अमेरिकेत १९८१ पासून कमी उत्पन्नाच्या घरांना बिलासाठी केंद्रीय मदत मिळते, पण ती हक्क म्हणून नाही. वर्षाचा निधी संपला की पात्र कुटुंबही रिकाम्या हाताने परतते. रोख रकमेचा मार्ग इराणने २०१० मध्ये पत्करला : इंधनाचे दर एकदम वाढवून दरडोई महिना ४,५५,००० रियाल थेट खात्यात. रक्कम अनेक वर्षे तीच राहिली आणि महागाईने तिची किंमत खाऊन टाकली.

थकबाकीसाठी जोडणी तोडण्याबाबत फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च राहत्या घराची वीज किंवा गॅस तोडता येत नाही (विजेची क्षमता मर्यादित करण्याची मुभा काही घरांबाबत असते). प्रीपेड मीटरपुढे असे नियम लुळे पडतात, कारण तिथे तोडायला कोणी येतच नाही. पैसे संपले की ग्राहक स्वतःच अंधारात बसतो आणि त्याची नोंद ‘जोडणी खंडित’ अशी होत नाही. ब्रिटनमध्ये अशा मीटरवर स्थिर आकार रोज चढत राहतो, वापर असो वा नसो. उन्हाळाभर गॅस न वापरलेल्या घराने थंडी पडल्यावर मीटर भरला, की पहिला घास साचलेला आकार आणि जुनी बाकी घेतात. शेगडीच्या वाट्याला उरते ते उरलेसुरले. ग्राहकांच्या घरात जबरदस्तीने असे मीटर बसवल्याचे प्रकार उघड झाल्यावर २०२३ मध्ये तिथल्या नियामकाने ते काही काळ थांबवले आणि नियम कडक केले.

घरदुरुस्तीचा मार्ग संथ आणि सुरुवातीला खर्चिक. अमेरिकेत १९७६ पासून गरीब घरांच्या भिंती व छत उष्णतारोधक करून फटी बुजवून देण्याचा केंद्रीय कार्यक्रम चालतो. अशा कामानंतर ऊर्जाबचत अनेकदा अभियंत्यांच्या अंदाजाहून कमी भरते आणि लेखापरीक्षक नाराज होतात. पण तिथे काही वेळा घडलेले असते ते एवढेच, की आजवर बंद ठेवलेली दुसरी खोली त्या कुटुंबाने तापवायला घेतलेली असते.