रविवर्म्यांची लक्ष्मी आणि मळवलीचे दगड

ज्या तसबिरीला घरोघरी ‘रविवर्म्यांची लक्ष्मी’ म्हणतात, तिच्यावर राजा रविवर्म्यांचा कुंचला कधी फिरलेलाच नसतो. ती शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, प्रत असते. तिच्यातला ठिपकान् ठिपका छापखान्यातल्या कुणा कारागिराने दगडावर हाताने टिंबलेला असतो, आणि त्या माणसाचे नाव तसबिरीवर नसते. रविवर्म्यांची थोरवी सांगताना हा हात विसरला जातो, हे बरोबर नाही.

रविवर्म्यांचा जन्म 1848 सालचा, त्रावणकोर संस्थानातल्या किळीमानूरचा. तैलरंगाचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराचे काम पाहून बरेच उमगले. 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला. पुढे सयाजीराव गायकवाडांसाठी केलेल्या चौदा पौराणिक चित्रांनी नाव देशभर पोचले. पण तैलचित्र एकच असते आणि ते राजवाड्यात राहते. त्रावणकोरचे व नंतर बडोद्याचे दिवाण झालेले टी. माधवराव यांनी सुचवले होते, की निवडक चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत. रविवर्म्यांनी त्याही पुढे जाऊन 1894 साली मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. शकुंतलेच्या जन्माचे चित्र पहिले निघाले. काही वर्षांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

आता दगडाकडे. हा चुनखडीचा दगड, तीन-चार इंच जाडीचा, वाळू-पाण्याने घासून आरशासारखा सपाट केलेला. त्यावर चिकट, मेदयुक्त शाईने चित्र काढायचे, तेही उलटे. नाहीतर उजव्या हातातले कमळ छापताना डाव्या हातात जाते. मग डिंकाच्या पाण्यात थोडे नायट्रिक आम्ल घालून ते दगडावर फिरवायचे. रेखाटलेला भाग शाई धरतो, उरलेला पाणी धरतो. सगळी करामत एवढीच. आम्ल जास्त झाले तर बारीक ठिपके खाल्ले जातात आणि गालावरची सावली तुटक दिसते. छापताना दगड वाळला तर कोऱ्या जागीही शाई बसून चित्र मळकट होते.

प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आधी बाह्यरेषांचा एक दगड करून त्याचा फिका ठसा बाकीच्या दगडांवर उमटवायचा, म्हणजे कुठला रंग कुठे थांबतो ते कळते. एका चित्राला बारा दगड धरले, तर हजार प्रतींसाठी कागद बारा हजार वेळा यंत्राखालून जातो. साधारणपणे फिके रंग आधी, गडद नंतर. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्यात आकसतो. दोन रंगांच्या मधल्या काळात तो केसभर हलला तरी ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सांडतो. शेवटी वॉर्निश, आणि कधी कॅनव्हासच्या पोताचा दाब. म्हणूनच ही छापील चित्रे तैलचित्रासारखी भासतात.

धंदा मात्र रविवर्म्यांना पेलला नाही. कर्ज चढले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापखाना त्यांच्याकडच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकावा लागला. 1906 मध्ये रविवर्मा वारले. छपाई पुढे कित्येक दशके चालूच राहिली. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते. साडी नेसून कमळावर उभी असलेली लक्ष्मी आज दिनदर्शिकेत, दुकानाच्या गल्ल्यामागे, लग्नपत्रिकेवर दिसते, ती या दगडांवरून आलेली. 1972 साली मळवलीच्या छापखान्याला आग लागली.

घरात जुनी प्रत असेल तर भिंगातून पाहावे. ठिपके लहान-मोठे, हाताने विखुरल्यासारखे दिसले तर शिळाछाप. सरळ जाळीत, फुलांसारख्या गुच्छांत बसलेले असले तर नंतरची ऑफसेट नक्कल. खालच्या कडेला छापखान्याचे नाव असते, पण फ्रेम बसवताना अनेकांनी तीच कड कापून टाकली आहे. ओल्या फडक्याने चित्र पुसू नये, वॉर्निश पांढुरके होते. काच थेट चित्राला टेकवू नये. ओल धरली की वॉर्निश काचेला चिकटते, आणि काच ओढली तर लक्ष्मीचा चेहराच काचेसोबत निघून येतो. कडेने जाड, आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट घालून दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवावे. मागची जुनी लाकडी फळी काढावी, कारण कागद पिवळा आणि ठिसूळ पडायला तीही हातभार लावते. कुणी टिकल्या आणि जरीचे धागे लावून देवीला सजवले असेल, तर त्या मात्र काढू नयेत.