अ‍ॅजाईलच्या चार ओळी आणि गाळली जाणारी पाचवी: पार्श्वभूमी

अ‍ॅजाईल (सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत घडवण्याची रीत) शिकवताना पहिल्या तासाला फळ्यावर चार मूल्ये येतात, दुसऱ्या तासाला बारा तत्त्वे, आणि तिसऱ्या तासापासून विद्यार्थी स्प्रिंट (कामाचे ठरावीक छोटे टप्पे) मोजायला लागतात. जाहीरनाम्यातल्या या चार मूल्यांच्या चार ओळींचा जन्म 11 ते 13 फेब्रुवारी 2001 या तीन दिवसांतला. अमेरिकेत युटाच्या डोंगरांतल्या एका स्कीइंगच्या ठिकाणी सतराजण जमले होते. बहुतेकांची स्वतःची एखादी पद्धत होती. स्क्रम (स्प्रिंटमध्ये काम करण्याची पद्धत) 1995 मध्येच एका परिषदेत मांडून झाली होती, एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगचाही बोलबाला सुरू होता. या सगळ्या पद्धतींना तोवर 'हलक्या पद्धती' म्हणत. ते नाव कोणालाच रुचत नव्हते. आपल्या आयुष्यभराच्या कामाला कोणी हलके म्हणावे असे कोणाला वाटेल? 'अ‍ॅजाईल' हा शब्दही काही तिथे जन्मला नाही. कारखानदारीत तो निदान 1991 पासून वापरात होता.

चार मूल्ये त्या बैठकीत ठरली. बारा तत्त्वांचा मसुदा मात्र सगळे घरी परतल्यावर, पुढच्या काही महिन्यांत तयार झाला. स्लाइडवर दोन्ही शेजारी शेजारी मांडली, की विद्यार्थ्याला ते सोळा मुद्द्यांचे एकच पाठांतर वाटते. प्रत्यक्षात मूल्ये हा पसंतीक्रम आहे. तत्त्वे त्या मानाने कामाच्या जवळची आहेत. दुसऱ्याच तत्त्वाला बदलत्या गरजांचे वावडे नाही, अगदी उशिरा आल्या तरी. तिसऱ्यात चालते सॉफ्टवेअर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतच्या टप्प्यांनी हाती द्या, आणि जितका छोटा टप्पा तितके बरे, असे सरळ सांगितले आहे.

खरा घोळ मूल्यांच्या मधोमध बसलेल्या एका इंग्रजी शब्दाचा आहे: 'ओव्हर', म्हणजे 'पेक्षा'. चारही ओळींची घडण सारखीच. डावीकडे एक गोष्ट, उजवीकडे दुसरी, मध्ये 'ओव्हर'. डावीकडे माणसे आणि संवाद, चालते सॉफ्टवेअर, ग्राहकाशी सहकार्य, बदलाला प्रतिसाद; उजवीकडे त्याच क्रमाने प्रक्रिया आणि साधने, सर्वंकष डॉक्युमेंटेशन, करारावरच्या वाटाघाटी, ठरलेला आराखडा. आणि चार ओळींखाली पाचवी: उजवीकडच्या गोष्टींनाही मोल आहे, पण डावीकडच्या आम्ही अधिक मोलाच्या मानतो. स्लाइडवर जागा कमी पडली की पहिली कात्री या पाचव्या ओळीला लागते. ती गेली की 'पेक्षा'चे 'ऐवजी' व्हायला वेळ लागत नाही. डॉक्युमेंटेशनऐवजी सॉफ्टवेअर, आराखड्याऐवजी बदल. त्यात मूळ ओळीतले 'सर्वंकष' हे विशेषणही गळते, आणि आक्षेप जाडजूड डॉक्युमेंटेशनवर होता की सगळ्याच लिखाणावर, हे कळायला मार्ग उरत नाही. 'अ‍ॅजाईलमध्ये काही लिहायचे नसते' हे वाक्य ज्यांनी कधी ना कधी ऐकले असेल, त्यांनी त्याचा उगम इथे शोधावा.

मराठीत आणखी एक पेच पडतो. आपली वाक्यरचना तुलनेतली मागे पडणारी गोष्ट आधी सांगते: 'सर्वंकष डॉक्युमेंटेशनपेक्षा चालते सॉफ्टवेअर'. म्हणजे मूळची उजवी बाजू मराठीत डावीकडे गेली. मग पाचवी ओळ जशीच्या तशी उतरवली, तर 'डावीकडचे अधिक मोलाचे' याचा अर्थ नेमका उलटा निघतो, आणि डॉक्युमेंटेशन सॉफ्टवेअरच्या डोक्यावर जाऊन बसते. यावर उपाय दोनच: एक तर चार ओळी दोन रकान्यांत लिहा, नाही तर पाचव्या ओळीतले डावे-उजवे काढून टाका. 'दोन्हींना मोल आहे, पण सॉफ्टवेअरला अधिक' इतके साधे वाक्यही पुरते. ती ओळच वगळणे हा उपाय नाही, तरी सर्रास होते तेच.

'ऐवजी' इतके घट्ट का रुजले, तर शिकवायला समोर एक खलनायक लागतो. ते काम वॉटरफॉलकडे, म्हणजे एक टप्पा पुरा झाल्यावरच पुढचा घेण्याच्या पद्धतीकडे, आले. 1970 च्या ज्या निबंधातली टप्प्यांची आकृती अजून दाखवली जाते, त्याच्या लेखकानेच ती तशीच वापरणे धोक्याचे आहे असे लिहिले होते. निबंधात 'वॉटरफॉल' हा शब्दही नाही. पुढे 1985 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या सॉफ्टवेअर मानकाने टप्पे आणि कागदपत्रे यांवर भर दिला, तेव्हा ते चित्र पक्के झाले.

2001 नंतर शब्दांची गर्दी वाढत गेली. स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिका 2010 मध्ये आली. 2011 च्या आवृत्तीत स्प्रिंटच्या कामासाठी वापरलेला 'बांधिलकी' हा शब्द काढून तिथे 'अंदाज' आला. 2016 मध्ये पाच मूल्ये जोडली गेली (बांधिलकी, धैर्य, एकाग्रता, मोकळेपणा, आदर), आणि काढलेली बांधिलकी दुसऱ्या दाराने परत आली. आता 'मूल्ये लिहा' म्हटले, की निम्मा वर्ग 2001 ची चार वाक्ये लिहितो आणि निम्मा 2016 चे पाच शब्द. दोघांनाही चूक म्हणता येत नाही. तत्त्वांचीही तीच गत: प्रकल्प व्यवस्थापनाच्या सर्वांत प्रसिद्ध मार्गदर्शक ग्रंथाने 2021 च्या सातव्या आवृत्तीत स्वतःची तत्त्वे दिली, आणि त्यांची संख्याही नेमकी बारा!

'अ‍ॅजाईल प्रकल्प व्यवस्थापन' हे नावही उशिराचे म्हणावे लागेल. मूळ जाहीरनामा सॉफ्टवेअर विकासाचा. त्यात आणि तत्त्वांत मॅनेजर कुठेच नाही. प्रकल्पाची धुरा वाहणाऱ्यांसाठी 2005 मध्ये वेगळे निवेदन निघाले, पण अभ्यासक्रमांत ते क्वचितच दिसते.

वर्गात सर्वांत अवघड जाते ते चौथे तत्त्व: व्यवसायाची बाजू जाणणाऱ्यांनी आणि सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनी रोज एकत्र काम करावे. विद्यार्थ्यांना खरा ग्राहक मिळत नाही, म्हणून शिक्षकच ग्राहक होतात. मार्कही तेच देतात. त्यामुळे ग्राहकाशी सहकार्य कुठे संपले आणि करारावरच्या वाटाघाटी कुठे सुरू झाल्या, हे सत्राच्या शेवटच्या आठवड्यात कोणालाच सांगता येत नाही.