रेडिएटर बदलणं सोपं, पाणी भरणं अवघड

गाडीचा रेडिएटर फुटला असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा फुटलेली असते त्याची प्लॅस्टिकची टाकी. मधली जाळी ॲल्युमिनियमची असते. तिच्या दोन टोकांना काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या रबरी पट्टी घालून, ॲल्युमिनियमची कड दुमडून बसवलेल्या असतात. तडा जातो तो या दुमडलेल्या कडेशी किंवा वरचा होज पाइप जिथं बसतो त्या तोंडाच्या मुळाशी. इंजिनातून येणारं सगळ्यात गरम पाणी याच तोंडातून आत येतं आणि इंजिन हललं की होज त्यालाच ओढ देतो. वर्षानुवर्षं उष्णता सोसून नायलॉन ठिसूळ होतं. काळी टाकी तपकिरी दिसायला लागली की समजावं, तिचे दिवस भरत आले.

आत दाबही असतो, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं इथं उघड्या भांड्यातलं पाणी शंभराच्या थोडं आधीच, साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरची कॅप कुकरच्या शिट्टीसारखी दाब धरते. 0.9 बारच्या कॅपखाली तेच पाणी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही, कुलंट (पाण्यात मिसळायचं ग्लायकॉलचं द्रव) असेल तर आणखी वर. मे महिन्यात पारा बेचाळिशीपार, एसी चालू आणि समोर तुळजापूरचा घाट, असं जुळून आलं की जुनी टाकी याच दाबाला हरते. म्हणून नव्या रेडिएटरबरोबर नवी कॅप घ्याच, आणि जुनीवर छापलेल्याच आकड्याची. जास्त आकड्याची ‘मजबूत’ कॅप लावली तर कमजोर होज फुटतो.

दुसरा गुन्हेगार म्हणजे बोअरचं पाणी. आपल्याकडच्या काळ्या दगडातलं भूजल जड असतं. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच जाळीच्या अरुंद नळ्यांत धरतो, आणि तो उष्णता अडवतो. क्षार ॲल्युमिनियम खातात ते वेगळंच. रेडिएटरला डिस्टिल्ड वॉटरच द्यावं.

तड्यावर इपॉक्सी पुटी लावणं किंवा पाण्यात गळती बंद करणारी पावडर टाकणं, हे वाटेत अडकलात तर घरी पोचण्यापुरतं. कुलंट मुरलेल्या नायलॉनला पुटी धरत नाही. पावडर तड्याबरोबर हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

नवा रेडिएटर घेण्याआधी ऑइलची दांडी काढून बघा. ऑइल दुधाळ झालं असेल, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधली सीलची पट्टी) गेल्याची शंका घ्या. आधी ते काम. नाहीतर नव्या रेडिएटरचे पैसे गेलेच.

काम सकाळी, गाडी पूर्ण गार असताना घ्या. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, कारण काही गाड्यांचा पंखा चावी बंद असतानाही फिरतो. खाली रुंद घमेलं ठेवून तळाची ड्रेन खुंटी सोडा. छोट्या गाडीत एकूण 4 ते 5 लिटर पाणी असतं, पण निघतं कमी, उरलेलं इंजिनात राहतं. निघालेलं कुलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा. ते गोडसर आणि विषारी असतं, गल्लीतलं कुत्रं चाटून मरू शकतं.

होज चिकटलेला असला तर ओढू नका. क्लॅम्प मागं सरकवून होज पिळत सोडवा. तरीही हलला नाही तर उभा कापा, होज नवा मिळतो. मग पंख्याचा कनेक्टर काढून पंखा त्याच्या फ्रेमसकट बाहेर घ्या. बहुतेक बोल्ट 10 च्या पान्याचे असतात. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ऑइलच्या दोन नळ्याही रेडिएटरला आलेल्या असू शकतात, त्यांची तोंडं लगेच बंद करा.

आता सगळ्यात जपायची जागा. रेडिएटरच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी जाळी, असतो आणि अनेक गाड्यांत तो रेडिएटरलाच बोल्टनं लावलेला असतो. त्याचे फक्त ब्रॅकेट सोडा आणि तो सुतळीनं पुढच्या पट्टीला बांधून ठेवा. नळ्यांना हात लावू नका. 40 अंशांच्या उन्हात एसी बंद असतानाही आत गॅस सुमारे 9 बार दाबानं असतो. नळी सुटली तर हात गारठून भाजल्यासारखा होतो आणि वर गॅस भरण्याचा खर्च येतो. रेडिएटर वर उचलताना दोघांच्या मध्ये पुठ्ठा सरकवला की जाळीच्या पातळ पाकळ्या वाकत नाहीत.

जुन्या रेडिएटरची खालची रबरी बुचं नव्याला लावायला विसरू नका. ती राहिली तर खड्ड्यातला प्रत्येक धक्का थेट टाकीला बसतो. ड्रेन खुंटी प्लॅस्टिकची असते, ती हातानंच आवळा.

खरं काम बिघडतं ते पाणी भरताना. इंजिन आतून डिस्टिल्ड वॉटरनं धुतलं असेल तर त्यातलं लिटर-दीड लिटर आतच राहतं. त्यावर निम्मं-निम्मं मिश्रण ओतलं की कुलंट पातळ होतं. म्हणून हिशेब एकूण क्षमतेवर करा: 4.5 लिटरची गाडी आणि निम्म्याचं प्रमाण असेल, तर आधी 2.25 लिटर घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कुलंट, मग मावेल तेवढं पाणी. सोलापुरात पाणी गोठत नाही, तरी कुलंट लागतंच. ते उत्कलनबिंदू वाढवतं आणि गंज रोखतं. पण जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असंही नाही, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. प्रमाण गाडीच्या पुस्तकातलं धरा, आणि दोन प्रकारची कुलंटं मिसळू नका.

बॅटरी जोडा. कॅप उघडी ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन नुसतं चालू ठेवा. साधारण 82 ते 88 अंशांना थर्मोस्टॅट (इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडतो, वरचा होज एकदम गरम होतो आणि बुडबुडे येऊन पातळी खाली बसते. तेवढं भरा, बुडबुडे थांबले की कॅप लावा. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडीपाशीच थांबा. हीटरमधून गार हवा येत असेल तर आत हवा अडकली आहे. अशा वेळी डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका: सेन्सर पाण्याऐवजी हवेत असला तर इंजिन तापत असतानाही काटा खाली राहू शकतो. लगेच इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग पुन्हा भरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, कॅप उघडून बघा. रेडिएटर काठोकाठ आणि बाहेरची बाटली दोन खुणांच्या मध्ये असायला हवी. वरचा होज चपटा झालेला दिसला तर नवी कॅप सदोष आहे. तिची आत घेणारी झडप उघडत नाही, त्यामुळं गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही. कॅप दुकानात बदलून घ्या.